ठासणीच्या बंदुका: भरणं, उडवणं आणि मुख्यतः धुणं

धूरकट
नेमबाजीच्या इतर धाग्यांवर ठासणीच्या (म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी ठासून भरायच्या) बंदुकांचे प्रश्न मधेच येतात, दोन उत्तरं मिळतात आणि गाडी परत एअर रायफलवर जाते. म्हणून हा वेगळा धागा. तोड्याची (पेटत्या वातीने उडणारी), गारेची (गारगोटीच्या ठिणगीने), टोपीची (ठोक्याने भडकणाऱ्या छोट्या धातूच्या टोपीने), सगळ्या चालतील. शिकारीच्या बढाया मात्र नकोत.

नवा माणूस आधी विचारतो, 'कोणती घेऊ?' मी उलट विचारतो, 'उडवून आल्यावर, कितीही दमला असलात तरी, त्याच संध्याकाळी धुवायला बसणार का?' नसाल तर काडतुसाची बंदूक बरी. हे मी तिरकसपणे म्हणत नाही. काळी दारू जळली की तिच्या वजनाचा निम्म्याहून थोडा जास्त भाग वायू होतच नाही. तो पोटॅशियम कार्बोनेट, सल्फेट, सल्फाइड अशा क्षारांच्या रूपात धुरातून उडतो किंवा नळीत बसतो. हे क्षार हवेतला ओलावा ओढून घेतात आणि दमट हवेत एका रात्रीत नळीला गंज धरतो. पुढची गोळी आत जाणार की अडणार, नेम टिकणार की फाकणार, बंदूक नातवापर्यंत पोचणार की भंगारात जाणार, हे सगळं या काजळीवर ठरतं. बाकीच्या गोष्टी नंतर.

इतिहासातही हीच काजळी आहे. आटे (म्हणजे आतून पिळदार खोबणी) पाडलेल्या नळीत घट्ट बसणारी गोळी ठोकून घालावी लागायची, आणि काही बारांनंतर तीही जाईना. म्हणून सैन्यं बराच काळ गुळगुळीत नळीलाच चिकटून राहिली. १८४९ च्या सुमारास फ्रान्सच्या क्लोद-एत्येन मिनिएची गोळी आली. ती नळीपेक्षा थोडी बारीक, म्हणून काजळीतूनही सहज उतरायची, आणि बार झाला की तिचा पोकळ बूड फुगून आट्यांना भिडायचा. त्याच जातीची गोळी १८५३ च्या एनफिल्डमध्ये होती. तिच्या कागदी काडतुसाला चरबी फासायचे ती काजळी मऊ राहावी आणि गोळी सरकावी म्हणून. १८५७ मध्ये त्या चरबीवरून काय झालं ते शाळेत शिकवतात, चरबी तिथे कशासाठी होती हे सहसा शिकवत नाहीत.

आता भरण्याबद्दल. क्रम सगळीकडे तोच आहे, आधी दारू, मग गोळी, पण तीन गोष्टी मी ओरडून सांगतो. एक, भरण्याआधी गज (ठासायची काठी) आत टाकून नळी रिकामी असल्याची खात्री करा. गजावर दोन खुणा करून ठेवा, रिकाम्या नळीची एक आणि तुमच्या नेहमीच्या भरणीची एक. दोन, दारू शिंगातून किंवा डब्यातून थेट नळीत ओतू नका, आधी मापात घ्या आणि मापातून नळीत. आत एखादी ठिणगी जिवंत राहिली असेल तर मापातली चिमूटभर भडकेल, हातातलं अख्खं शिंग भडकणार नाही. तीन, गोळी दारूवर टेकलीच पाहिजे. मधे पोकळी राहिली तर तिथे नळीला कडं पडतं, कधी नळीच फाटते. गजाची खूण तोंडाशी आली नाही तर बार करायचा नाही. टोपी किंवा रंजक (बाहेरच्या वाटीत घालायची पेटवणीची बारीक दारू) सगळ्यात शेवटी, नळी लक्ष्याकडे असताना.

आणि काडतुसांतली आधुनिक बिनधुराची दारू या बंदुकांत कधीही, थोडीसुद्धा, 'बघू तरी' म्हणूनसुद्धा घालायची नाही. तिचा दाब या नळ्यांना झेपत नाही. यावर चर्चा होणार नाही.

फुसका बार
धागा काढलात ते बरं झालं. माझ्याकडे टोपीची .५० (अर्ध्या इंची नळीची) आहे. पहिले काही बार झकास जातात, मग गोळी मधेच अडते आणि गजावर अक्षरशः लोंबकळावं लागतं. लोक म्हणतात गोळी बारीक घ्या. घेऊ का?

शिसेमहर्षी
थांबा, गोळी बदलू नका इतक्यात. .५० च्या नळीला साधारण .४९० ची गोल गोळी आणि .०१५ इंच जाडीची, गोळीभोवती गुंडाळायची चिंधी ही जोडी बहुतेकांना चालते. गोळी बारीक केलीत तर ठासायला सोपं जाईल, पण चिंधीची आट्यांवरची पकड सुटेल आणि नेम फाकेल. तुमचा दोष बहुधा चिंधीच्या वंगणात आहे किंवा बारांमध्ये नळी न पुसण्यात.

चिंधी शंभर टक्के सुती आणि घट्ट विणीची हवी. कृत्रिम धागा मिसळलेलं कापड नळीत वितळतं, त्याच्या नादी लागू नका. वंगणाला मेण आणि प्राणिज किंवा वनस्पती तेलाचं मिश्रण चांगलं. गाडीचं किंवा कुठलंही खनिज तेल टाळा, कारण काजळीत मिसळून त्याचा चिवट काळा थर होतो आणि मग पाणीही लवकर लागत नाही. दोन बारांच्या मधे एक ओलसर चिंधी आत-बाहेर, मग एक कोरडी. ओलसर म्हणजे पिळून काढलेली. ओलीचिंब चिंधी घातलीत तर घाण खाली ढकलली जाऊन निपलच्या (टोपी बसते त्या छोट्या पोकळ बोंडाच्या) वाटेत चिखल होतो, आणि पुढची टोपी नुसती टिचकी वाजवते.

अजून एक, उडालेल्या चिंध्या गोळा करा. नळीच्या पुढे काही पावलांवर पडलेल्या सापडतात. सगळं निदान त्यात असतं. मधोमध जळून भोक पडलं असेल तर चिंधी पातळ आहे, वंगण कमी आहे किंवा दारू जास्त आहे. कडेने नेटके काप दिसले तर नळीच्या तोंडाची किंवा आट्यांची धार बोचते आहे. काळा गोल मधे आणि बाकी कापड शाबूत असेल तर कशालाही हात लावू नका.

शिसं शुद्ध आणि मऊ घ्या, नखाने ओरखडा उठला पाहिजे. गाडीच्या चाकांची तोल सांभाळणारी वजनं वितळवून केलेल्या गोळ्या कडक होतात. गोल गोळीला चिंधी सांभाळून घेते म्हणून ते कसंबसं चालतं, पण पोकळ बुडाची मिनिए गोळी अशा शिशाची केली तर फुगतच नाही. घरी ओतत असाल तर उघड्यावर बसा, आणि वितळलेल्या शिशात पाण्याचा एक थेंबही पडू देऊ नका. त्याची क्षणात वाफ होते आणि शिसं अंगावर उडतं. ओतून झालं की हात धुतल्याशिवाय तोंडाला लावायचे नाहीत.

आडवाट्या
धूरकटराव, धुण्याबद्दल थोडा मतभेद. मला शिकवणारे जुने नेमबाज साबण लावू द्यायचे नाहीत. त्यांचं म्हणणं, नळी बिडाच्या तव्यासारखी मुरवायची असते, मेणतेलाचा थर बसला की ती गंजत नाही आणि काजळीही धरत नाही. धुऊन धुऊन तुम्ही तोच थर काढता.

धूरकट
हा तवा या छंदात फार वर्षं फिरतो आहे. :) बिडाच्या तव्यावर तेल पातळ पसरून तापवलं की त्याचा कडक थर धरतो. नळीत तसं होत नाही. आतलं तेल प्रत्येक बाराला दारूच्या ज्वाळेत जळतं, त्याच्यावर क्षार बसतात, त्यावर तुम्ही परत तेल लावता. याला मुरलेली नळी म्हणत नाहीत, घाण दाबून ठेवलेली नळी म्हणतात. काही वर्षांनी आतून दिवा घालून पाहिलं की आट्यांच्या खोबणीत खड्डे दिसतात. मेणतेलाचं वंगण उत्तम, माझा विरोध नाही, पण धुतलेल्या नळीवर.

आडवाट्या
बरं, साबणाचं मान्य. पण पाणी उकळतं घ्यायचं ना? नळी तापते आणि आपोआप वाळते.

रंजकदाणी
उकळत्या पाण्यावरून मी इथे भांडायला तयार आहे. तापलेल्या पोलादावर ओलावा असताना डोळ्यांदेखत नारिंगी गंज उठतो. पांढरी चिंधी फिरवली की तपकिरी येते आणि माणूस घाबरून पुन्हा धुतो, पुन्हा गंज. काळ्या दारूचे क्षार साध्या पाण्यात विरघळतात, उकळण्याची गरजच नाही. मी कोमट पाणी घेते आणि त्यात साबणाचे थेंब. नळी बुडाच्या आकड्यावर अडकवलेली, सहज निघणारी असेल तर ती लाकडी दस्त्यातून काढा, निपल काढा, बुडाचं टोक बादलीत ठेवा आणि गजाला चिंधी लावून वर-खाली करा. पाणी खालच्या छिद्रातून आत ओढलं जातं, बाहेर फेकलं जातं. आधी काळं येतं, मग करडं, मग स्वच्छ. नंतर कोरड्या चिंध्या, आणि खरोखर कोरडी झाल्यावरच तेल.

दुसऱ्या दिवशी परत एक चिंधी फिरवा. हे लोक विसरतात. पहिल्या रात्री निपलच्या पेचात किंवा बुडाच्या कोपऱ्यात राहिलेला ओलावा दुसऱ्या दिवशी बाहेर येतो.

आडवाट्या
तुमच्या बादलीला शरण. :)

मौनीबाबा
वाचनखूण साठवली. गारेच्या बंदुकीवर कुणी लिहील का? माझ्या एका परिचितांच्या बंदुकीत बहुतेक वेळा रंजक उडतं आणि बार होतच नाही.

रंजकदाणी
माझा आवडता विषय, त्यामुळे लांबेल.

ठिणग्या गारेच्या नसतात, पोलादाच्या असतात. गारेची धार फ्रिझनवरून (वाटीवरच्या पोलादी पात्यावरून) घासत जाते, त्याचे बारीक कण खरवडते, आणि ते कण हवेत पेटतात. म्हणजे धार तीक्ष्ण हवी आणि फ्रिझनचा पृष्ठभाग कडक. फ्रिझन मऊ असेल तर गार नुसती खोलवर ओरखडे पाडते, ठिणगी नाही. अशा वेळी गारा बदलत बसू नका, फ्रिझनला जाणकार कारागिराकडून कडक करून घ्या. गार घोड्याच्या जबड्यात नुसती बसवू नका, चामड्यात किंवा शिशाच्या पातळ पत्र्यात गुंडाळून आवळा. घोडा हळूच पुढे आणून बघा, गारेची कड फ्रिझनला सगळ्या रुंदीने एकदम टेकते का. एकाच कोपऱ्याने टेकत असेल तर सरकवा. (हे नळी रिकामी असताना, हे सांगायला नको.)

आता रंजक. वाटी काठोकाठ भरली की बार हमखास होईल असं वाटतं, होतं उलटंच. कानाचं छिद्र (वाटीतून नळीत आग नेणारं) दारूने झाकलं गेलं तर आग आत उडी मारत नाही, ती दारू वातीगत जळत आत जाते आणि चाप ओढल्यापासून बार होईपर्यंत उशीर होतो. तेवढ्यात बंदूक हलते. वाटी तिसरा भाग किंवा फार तर अर्धी भरा, छिद्र मोकळं दिसलं पाहिजे. ठासून झाल्यावर छिद्रातून बारीक तार फिरवा. तुमच्या परिचितांचा दोष मला इथेच वाटतो, छिद्र काजळीने किंवा तेलाने बुजलेलं असणार. वाटीत सगळ्यात बारीक, म्हणजे ४ एफ दारू. नळीत .५० च्या पुढच्या रायफलींना आणि जाड नळीच्या बंदुकांना २ एफ, लहान नळ्यांना आणि पिस्तुलांना ३ एफ. एफ जितके जास्त तितका दाणा बारीक, तितकी जळण्याची घाई जास्त. म्हणून उत्पादकाने नळीसाठी सांगितलेल्या दाण्याऐवजी बारीक दाणा तेवढ्याच मापाने घालू नका.

आणि गारेच्या मंडळींना हिणवणाऱ्यांसाठी: टोपीच्या जमान्याची सुरुवात स्कॉटलंडमधल्या एका पाद्र्याने केली. अलेक्झांडर फोर्साइथ पक्ष्यांची शिकार करायचा, वाटीतली ज्वाळा दिसली की पक्षी गोळी पोचण्याआधी उडायचे. त्याने ठोक्याने भडकणाऱ्या रसायनाचा वापर करून १८०७ मध्ये पेटंट घेतलं. तांब्याची टोपी त्यानंतर आली. म्हणजे पक्ष्यांनी केलेली प्रगती आहे ही.

तोडेवाला
पक्ष्यांनी केलेली प्रगती, खिक्. :D

तोड्याच्या बंदुकीलाही विसरू नका. ठासणीच्या बंदुकांच्या जागतिक स्पर्धांत तिला स्वतंत्र जागा आहे. उभ्याने ५० मीटरवर मारायच्या प्रकाराचं नाव तानेगाशिमा, १५४३ मध्ये पोर्तुगीजांबरोबर ज्या जपानी बेटावर तोड्याची बंदूक पोचली त्या बेटावरून. आंतरराष्ट्रीय समितीच्या नियमाने ३० मिनिटांत १३ बार आणि त्यातले सर्वोत्तम १० धरायचे. वेळ निवांत वाटतो, पण तेवढ्यात १३ वेळा भरायचं, पुसायचं, तोडा फुंकून जिवंत ठेवायचा. शिंग फायरिंग लाइनवर आणता येत नाही, प्रत्येक बाराची दारू आधीच मोजून वेगळ्या नळकांड्यात आणायची. धूरकटराव वर ओरडले ते हेच.

तोड्यावाल्यांसाठी जादा नियम: दारू भरताना पेटता तोडा बंदुकीपासून लांब. एका हातात दारू आणि दुसऱ्यात विस्तव धरून गप्पा मारणारी माणसं मी पाहिली आहेत, त्यांच्या शेजारी उभा राहत नाही.

चुकार
चाप ओढला, टोपी फुटली आणि काहीच झालं नाही. मग काय करायचं? मी कुणाला तरी लगेच बंदूक वळवून नळीत डोकावताना पाहिलं आहे.

धूरकट
त्या कुणाला तरी हा धागा वाचायला द्या.

टोपी फुटली आणि बार झाला नाही तर नळी लक्ष्याकडे तशीच धरून किमान एक मिनिट थांबा. आत दारू धुमसत असेल तर बार उशिरा होतो, आणि तो काही सेकंदांनीही होऊ शकतो. मिनिट झालं की निपल टोचून मोकळं करा, नवी टोपी लावा, पुन्हा प्रयत्न. नळीला अजून तेल असेल तर पहिला बार असाच हुकतो. म्हणून उडवायला बसण्याआधी नळी कोरडी पुसायची, मग रिकाम्या बंदुकीवर दोन टोप्या फोडायच्या. नळीचं तोंड जमिनीवरच्या गवताच्या पात्याजवळ धरा. पातं हललं तर वाट मोकळी आहे.

दारू घालायचीच राहिली आणि गोळी ठासली, असंही होतं. मग निपल काढून त्या वाटेने दारूचे थोडे दाणे आत सारायचे, निपल परत बसवायचं, गोळी गजाने पुन्हा नीट खाली दाबायची आणि सुरक्षित दिशेला उडवायची. त्यासाठी कार्बन डायऑक्साइडच्या छोट्या नळकांड्यावर चालणारं साधनही मिळतं, गोळी दाबाने बाहेर येते. गोळीत स्क्रू रुतवून ओढण्याचा उपाय आहे, पण तो आत दारू नक्की नाही याची खात्री असेल तरच.

याहून वाईट म्हणजे बार झाला नाही हे लक्षातच न येता वर दुसरी भरणी. अमेरिकी यादवीत १८६३ च्या गेटिसबर्गच्या लढाईनंतर रणांगणावरून सुमारे २७,५०० बंदुका गोळा केल्या गेल्या, त्यातल्या सुमारे २४,००० भरलेल्या होत्या असा प्रसिद्ध अहवाल आहे. निम्म्यांत दोन-दोन भरण्या, आणि एकीत तर २३. शेजारी शेकडो बंदुका एकदम उडत असताना आपलीच उडाली नाही हे कळत नाही. रेंजवर शेजाऱ्याच्या आवाजाने आजही तसंच फसायला होतं, म्हणून गजाची खूण प्रत्येक भरणीला बघायची.

नवखा
घरात भिंतीवर पिढ्यान् पिढ्या टांगलेली ठासणीची बंदूक आहे. घोडा चालतो, चाप चालतो. एकदा उडवून बघावी का? आणि परवाना लागतो का?

शिसेमहर्षी
उडवू नका. आणि आज घरी गेल्यावर पहिलं काम, आत गज टाकून बघा ती भरलेली आहे का. विनोद करत नाही. काळी दारू कोरडी राहिली तर दशकानुदशकं जिवंत राहते, आणि भिंतीवरच्या भरलेल्या बंदुका आजही सापडतात. गज बुडापर्यंत पोचला नाही तर टोपी, रंजक, विस्तव, ठोकाठोक यातलं काही तिच्या जवळ नको. जाणकार बंदूक कारागिराला घरी बोलवा.

जुन्या नळ्या कितीही देखण्या असोत, आतून काय झालंय ते बाहेरून दिसत नाही. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, जोडून केलेल्या नळ्यांत सांध्याच्या आत गंज पसरलेला असू शकतो. उडवायचीच हौस असेल तर नव्या पोलादाची, दाबाची चाचणी होऊन शिक्का बसलेली प्रतिकृती घ्यावी. इटलीत गार्दोने वाल त्रोंपिया परिसरात अशा प्रतिकृती करणारे अनेक आहेत, पेडरसोली १९५७ पासून.

परवान्याचं म्हणाल तर देशागणिक वेगळं. अमेरिकेच्या १९६८ च्या संघीय कायद्यात बहुतेक ठासणीच्या बंदुका 'प्राचीन' धरून सोडल्या आहेत, पण तिथल्या राज्यांचे कायदे वेगळे असू शकतात. भारतात १९५९ चा शस्त्र कायदा ठासणीच्या बंदुकीलाही लागू आहे, पिकांच्या राखणीसाठी तिचा परवाना देण्याची तरतूद त्याच्या १३ व्या कलमात आहे. जुनाट म्हणून सूट आहे ती दुरुस्त करूनही उडू शकणार नाही अशा हत्याराला. तुमची घोडा-चाप चालणारी बंदूक त्यात बसेल असं स्वतःच ठरवू नका, परवाना अधिकाऱ्याला लेखी विचारा.

फुसका बार
महर्षी, चिंध्या गोळा केल्या, मधोमध भोक होतं. वंगण वाढवलं, आता गोळी गजाच्या साध्या जोराने जाते. पुढचा प्रश्न, खरी काळी दारू मिळायला त्रास आहे. पर्यायी दारू चालेल का?

धूरकट
टोपीच्या बंदुकीत चालते, पण डोळे उघडे ठेवून. पायरोडेक्स नावाची पर्यायी दारू आकारमानाने मोजायची, काळ्या दारूच्याच मापाने. ती वजनाला हलकी असते, तराजूवर काळ्या दारूइतकी तोललीत तर जास्त भरली जाईल. तिला पेटायला जास्त उष्णता लागते, त्यामुळे गारेच्या बंदुकीत तिचं काम नाही. आणि तिच्यात परक्लोरेट असतं, जळल्यावर क्लोराइड राहतं, म्हणजे 'कमी काजळी' या जाहिरातीवर विसंबून धुणं लांबवलंत तर गंज काळ्या दारूपेक्षा लवकर. ट्रिपल सेव्हन या दुसऱ्या पर्यायी दारूत गंधक नाही, वास कमी, पाण्याने पटकन निघते. पण ती जोमदार आहे, तेवढाच जोर हवा तर माप १५ टक्के कमी घ्यायला उत्पादकच सांगतो. गोळी बसते त्या जागी ती एक कडक कडं करते. तेवढी जागा प्रत्येक बारानंतर पुसा, नाहीतर पुढची गोळी दारूवर टेकल्याचा भास होईल आणि ती वरच अडकलेली असेल.

दारू घरी बनवण्याबद्दल व्यनि (व्यक्तिगत निरोप) येत आहेत. उत्तर देणार नाही.

चुकार
टोपीच्या रिव्हॉल्व्हरबद्दलही दोन ओळी लिहा की.

तोडेवाला
दोनच ओळी. गोळी चक्रातल्या कोठडीत दाबताना शिशाचं बारीक कडं सोलून निघालं पाहिजे, तरच ती घट्ट बसली, आणि गोळ्यांवर ग्रीस किंवा खाली वंगणाची चकती घाला, म्हणजे एका कोठडीची आग शेजारच्या कोठड्यांत जाण्याचा धोका कमी होतो. टोप्याही निपलच्या मापाच्या घट्ट हव्यात, सैल असल्या तर मागून आग जाऊ शकते, आणि फुटलेल्या टोपीचा तुकडा यंत्रात पडून चक्र अडलं तर जोर लावू नका, नळी समोर ठेवून तुकडा काढा.

मौनीबाबा
रंजकदाणीताई, निरोप पोचवला. छिद्रात तेलच होतं. बंदूक तोंड वर करून कपाटात उभी ठेवायचे.

रंजकदाणी
मग दर वेळी होणार. तेल उतरून बुडाशी जमतं आणि तिथून छिद्रात. तेल लावल्यावर पहिले काही दिवस तोंड खाली करून ठेवायला सांगा, खाली जुनं फडकं टाका. नंतर आडवी. आणि फ्रिझनला तेल लावलं असेल तर उडवण्याआधी स्पिरिटने पुसा, तेलकट पोलादावर गार घसरते.